‘आम्ही’ ह्या शब्दाचें ओझें

भाषेंतील लहानसे शब्द पुष्कळदां मोठ्या शब्दांपेक्षां अधिक फसवे असतात. ‘धर्म’, ‘नीति’, ‘स्वातंत्र्य’ हे शब्द उच्चारतांना मनुष्य थोडा तरी सावध होतो. परंतु ‘आम्ही’ हा शब्द तो दिवसांतून शंभर वेळां वापरतो आणि त्याचा अर्थ काय असें स्वतःला एकदांही विचारीत नाहीं. ज्या पराक्रमाच्या वेळीं आपला जन्मही झाला नव्हता त्याविषयीं ‘आम्ही जिंकलों’ असें म्हणतांना कोणाची जीभ अडखळत नाहीं. मात्र त्याच घराण्याच्या, त्याच गांवाच्या किंवा त्याच संस्थेच्या हातून घडलेलें एखादें दुष्कृत्य बाहेर आलें कीं तोच मनुष्य म्हणतो, ‘तें त्यांनीं केलें.’ जय आला कीं प्रथम पुरुष आणि कलंक आला कीं तृतीय पुरुष, असें हें आपलें सोयीचें व्याकरण आहे.

हें व्याकरण नीतीच्या कसोटीला उतरतें काय, एवढाच प्रश्न येथें विचारावयाचा आहे. आणि त्यासाठीं उदाहरण घेतलें आहे तें जर्मनींतील एका खाणगांवाच्या फुटबॉल-क्लबाचें. खेळासारख्या विषयावर एवढा भार कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ‘आम्ही’ हा शब्द खेळाच्या मैदानावर जितक्या मोकळेपणानें आणि जितक्या मोठ्यानें उच्चारला जातो, तितका तो दुसरीकडे क्वचितच ऐकूं येतो. रोगाची परीक्षा करावयाची तर तो जेथें उघड दिसतो तेथेंच करावी.

पश्चिम जर्मनींतील रूर नदीच्या आसपासचा प्रदेश एके काळीं युरोपांतील कोळशाचें मोठें कोठार होता. त्यांतील गेल्सेनकिर्शेन शहराचा शाल्के हा एक भाग. येथील खाणींसाठीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पूर्व प्रशियांतील मझुरिया प्रांतांतून हजारों कुटुंबें आलीं. त्यांचीं आडनांवें पोलिश वळणाचीं होतीं, बोलण्याची ढब निराळी होती, आणि इतर जर्मन लोक त्यांस ‘पोलॅक’ म्हणून हिणवीत. अशा वस्तींतील कांहीं पोरांनीं १९०४ सालीं एक क्लब काढला. ‘शाल्के ०४’ या नांवांतील आंकडा त्या सालाचा आहे. १९२८ मध्यें क्लबाचें मैदान झालें तें खाणीच्या कंपनीकडून भाड्यानें घेतलेल्या जमिनीवर; आणि त्याला नांव दिलें तें ‘ग्ल्यूकआउफ’, म्हणजे खाणींत उतरणाऱ्यांनीं एकमेकांस करावयाचें, सुखरूप वर येण्याची इच्छा व्यक्त करणारें अभिवादन. क्लबाचा सर्वांत थोर खेळाडू एर्न्स्ट कुत्सोरा स्वतः खाणींत उतरलेला होता. चेंडू आंखूड टप्प्यानें एकाकडून दुसऱ्याकडे इतक्या वेगानें फिरवावयाचा कीं प्रतिपक्षाला भोवळ यावी, अशी या संघाची रीति होती. लोक तिला ‘शाल्केचा भोंवरा’ म्हणत. जमिनीखालीं ज्यांचा जीव शेजारच्या माणसाच्या हातावर अवलंबून असे, त्यांना एकट्यानें पळण्यापेक्षां दुसऱ्याच्या पायाशीं चेंडू देण्याचा खेळ मानवला, यांत नवल नाहीं.

या समाजाचें ‘आम्ही’ प्रथम कसोटीस लागलें तें १९३० मध्यें. त्या काळीं तेथें खेळाडूनें पैसे घेणें निषिद्ध होतें. फक्त ठरीव भत्ता तेवढा चाले. शाल्केनें आपल्या खेळाडूंना त्याहून कांहीं मार्क अधिक दिले, असें आढळलें. क्रीडामंडळानें १४ खेळाडूंना बाद ठरविलें. क्लबाचे खजिनदार विली नीर यांना हा अपमान सहन झाला नाहीं. त्यांनीं कालव्यांत उडी घेऊन जीव दिला. पुढें बंदी उठली आणि १९३१ च्या जून महिन्यांत संघ पुन्हां मैदानांत उतरला, तेव्हां तो पाहण्यास सुमारें ७०,००० लोक लोटले. हे लोक विजय पाहण्यास आलेले नव्हते. सामना तर साधा मैत्रीचा होता. ज्यांना अप्रामाणिक ठरविण्यांत आलें त्यांना ‘ते’ न म्हणतां ‘आम्ही’ म्हणण्यासाठीं ते आले होते. या क्लबाच्या इतिहासांतील सर्वांत सुंदर दिवस निवडावयाचा झाला तर मी कोणताही अंतिम सामना न निवडतां हाच दिवस निवडीन.

परंतु याच ‘आम्ही’ची दुसरी बाजू लवकरच दिसली. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता गेली. क्लबाचे उपाध्यक्ष डॉ. पाउल आइशेनग्र्यून हे दंतवैद्य ज्यू होते. त्यांना त्याच वर्षीं पद सोडावें लागलें. दुसऱ्या वर्षीं, १९३४ मध्यें, बर्लिन येथील अंतिम सामन्यांत शेवटचीं तीन-चार मिनिटें उरलीं असतां संघ एका गोलानें मागें होता. फ्रिट्झ शेपाननें बरोबरी साधली. आणि अंतर्गळाच्या वेदनेनें बेजार झालेल्या कुत्सोरानें अखेरच्या क्षणीं विजयाचा गोल केला व तो तेथेंच कोसळला. शाल्के जर्मनीचें अजिंक्य ठरलें. पुढें १९३५, १९३७, १९३९, १९४० व १९४२ या सालींही हा मान त्यानें मिळविला. १९३९ च्या अंतिम सामन्यांत तर व्हिएन्नाच्या संघावर नऊ गोल चढले व स्वतःवर एकही नाहीं. काल ज्यांना ‘पोलॅक’ म्हणून हिणविलें जात होतें ते आतां साऱ्या राष्ट्राचे लाडके झाले. मात्र त्या ‘आम्ही’मध्यें आइशेनग्र्यून नव्हते. ज्या पंगतींत आपल्याला उशिरां पान मिळालें, तिच्यांतून दुसऱ्याला उठवितांना त्या पंगतीनें हूं कीं चूं केलें नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. १९३८ मध्यें ज्यूंचे उद्योगधंदे बळजबरीनें हिरावून घेतले जात असतां शाल्केच्या बाजारचौकांतील ज्यू मालकांचें एक कापडाचें दुकान शेपानच्या पदरांत पडलें. त्या मालकांस पुढें पूर्वेकडे नेऊन मारण्यांत आलें. मुलें ज्याचा पाय पाहून खेळ शिकलीं, त्याच मनुष्याचा हा हात. या दोन अवयवांचा हिशेब वेगवेगळा ठेवतां येईल काय?

येथें एक आक्षेप निघेल, आणि तो हलका नाहीं. पित्याचें पाप पुत्रानें कां फेडावें? १९३८ मध्यें जन्मास न आलेल्या प्रेक्षकानें त्या दुकानाबद्दल मान कां खालीं घालावी? मी म्हणतों, आक्षेप खरा आहे. दोष वारशानें येत नाहीं. परंतु मग १९३४ चा गोलही वारशानें येत नाहीं. ज्या न्यायानें पाप दुसऱ्याचें, त्याच न्यायानें पराक्रमही दुसऱ्याचा. ज्याला दोन्हीही नको असतील त्याच्याशीं माझें भांडण नाहीं. त्याचें म्हणणें सुसंगत आहे. मात्र त्याला कोणताही गांव, कोणतेंही घर, कोणतीही परंपरा उरणार नाहीं, हें त्यानें जाणून असावें. भांडण आहे तें वाडा आपला म्हणणाऱ्या आणि वाड्यावरचें कर्ज नाकारणाऱ्या वारसाशीं. आपल्याकडे अशा वारसाला काय म्हणतात हें सांगावयास नको. कर्ज काढण्याचा दोष वारसाचा नसतो. फेडण्याची जबाबदारी मात्र त्याची असते. दोष आणि जबाबदारी यांतील हा भेद ध्यानांत घेतला कीं आक्षेपाचें बळ सरतें.

युद्धानंतर १९५८ मध्यें शाल्केनें पुन्हां एकदां, सातव्या वेळीं, अजिंक्यपद मिळविलें. आणि त्याच वर्षीं स्वस्त तेल व परदेशी कोळसा यांपुढें रूरच्या खाणींचा ऱ्हास सुरू झाला. पुढें मैदानें मोठीं होत गेलीं, खाणी मिटत गेल्या, आणि शहराची वस्ती सुमारें एक लाखानें घटली. अशा दिवसांत, १९७१ च्या एप्रिल महिन्यांत, शाल्केच्या खेळाडूंनीं ४०,००० मार्क लांच घेऊन बीलेफेल्डच्या संघाकडून एका गोलानें मुद्दाम हार पत्करली. प्रत्येकाच्या वांट्याला जेमतेम दोन-अडीच हजार मार्क आले. वर न्यायालयांत पैसे घेतले नाहींत अशी शपथ वाहिली, आणि ती खोटी ठरली. १९३० मध्यें कांहीं मार्कांसाठीं एका खजिनदारानें प्राण दिले होते. १९७१ मध्यें दोन हजारांसाठीं संघानें प्रेक्षकांचा विश्वास विकला. लोक क्लबाला ‘खोट्या शपथेचा क्लब’ म्हणूं लागले, आणि तें नांव तिकीट काढून आलेल्या निरपराध माणसांनाही सोसावें लागलें.

नंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १९९७ मध्यें एक युरोपीय करंडक मिळाला. २००१ मध्यें शेवटच्या दिवशीं चार मिनिटें आपण अजिंक्य झालों असें वाटून लोक मैदानावर नाचले, आणि हॅम्बुर्गहून आलेल्या बातमीनें रडले. जर्मनींतील शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरांत बंद झाली. शाल्केच्या नव्या मैदानांत मात्र खेळाडू आजही खाणीच्या भुयारासारख्या सजविलेल्या बोगद्यांतून बाहेर येतात. ज्या वस्तूचें अस्तित्व संपतें तिचें चित्र भिंतीवर लावतात, तसाच हा प्रकार. कर्ज वीस कोटी युरोंच्या वर गेलें. २०२० मध्यें साथीमुळें प्रेक्षकांना बंदी झाली, तेव्हां तिकिटांचे पैसे लगेच परत मागणाऱ्यांनीं आपली अडचण पुराव्यासह सिद्ध करावी, असा फर्मा क्लबानें काढला! गरिबांनीं उभारलेल्या संस्थेनें गरिबांकडे गरिबीचा दाखला मागावा, यापरती अवनति कोणती? पुढें क्लबानें क्षमा मागितली. लागोपाठ ३० सामन्यांत विजय मिळाला नाहीं. आणि २०२१ च्या एप्रिलमध्यें पहिल्या श्रेणींतून हकालपट्टी झाली ती पुन्हां बीलेफेल्डकडूनच, पुन्हां एकाच गोलानें हरून. त्या रात्रीं परतलेल्या खेळाडूंवर कांहींशे लोक धांवून गेले. म्हणजे तेथेंही अखेर ‘आम्ही’चें ‘ते’ झालें. २०२२ मध्यें क्लब वर आला, २०२३ मध्यें पुन्हां घसरला. पण सभासद लाखांच्या संख्येनें राहिले, आणि इतर क्लब कंपन्यांच्या हातीं जात असतां शाल्के सभासदांच्याच मालकीचें राहिलें. पराभवांत ‘आम्ही’ म्हणणें या लोकांना साधलें होतें. त्याहून कठीण तें कलंकांत ‘आम्ही’ म्हणणें.

आणि तेंही, उशिरां का होईना, घडलें. क्लबानें हिटलरच्या काळांतील आपला इतिहास अभ्यासकांकडून तपासून घेतला व तो २००५ मध्यें प्रसिद्ध झाला. क्लबाचे रंग निळा आणि पांढरा. या दोहोंमध्यें करडा रंग आहे, अशा अर्थाचें नांव त्या ग्रंथास दिलेलें आहे. यानें दुकान परत मिळालें नाहीं, मेलेलीं माणसें उठलीं नाहींत. परंतु ज्या ‘आम्ही’मधून आइशेनग्र्यून यांना उठविलें होतें, त्यांत त्यांचें नांव पुन्हां लिहिलें गेलें.

मराठी भाषेचे या बाबतींत आपल्यावर उपकार आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा ‘आम्ही’ आणि त्याला आंत घेणारा ‘आपण’, असे दोन शब्द तिनें दिले आहेत. जर्मन भाषेला एकाच शब्दावर दोन्ही कामें भागवावीं लागतात. विजयाच्या आरोळींत नेहमीं ‘आम्ही’ असतो. तो दुसऱ्याला ऐकविण्यासाठींच उच्चारलेला असतो. परंतु चुकीची कबुली ‘आम्ही’नें सुरू होऊन, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासह ‘आपण’ म्हणण्यापर्यंत पोंचते, तेव्हांच ती पुरी होते. आपलें गांव, आपली शाळा, आपली जात, आपला देश यांविषयीं बोलतांना ‘आम्ही’ हा शब्द तोंडीं आला, तर आपण वाड्याबरोबर कर्जही घेत आहों काय, हें प्रत्येकानें स्वतःला एकदां विचारावें. कर्ज घेण्याची तयारी नसेल, तर वाड्याच्या उंचीबद्दल बोलूं नये.