पुरेशा साधनाचा प्रश्न

साधन किती चांगले असावे, हा नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. साध्य कोणते असावे यावर धर्मग्रंथांनी आणि तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले. साधन शुद्ध असावे की कसे यावरही लिहिले. साधन कोणत्या प्रतीचे असले म्हणजे पुरे आणि त्यापुढची प्रत कशासाठी, हा मुद्दा मात्र कडेला राहिला. रोजच्या खरेदीत तोच आधी उभा राहतो. पॉइंट टू-टू रायफलीसाठी परवडणारी दुर्बीण निवडणे हे त्याचे चांगले उदाहरण आहे, कारण येथे गरज, किंमत आणि चूक ही तिन्ही मोजता येतात.

०.२२ लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये आणले. पेट घेणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आदळते. म्हणून ते रिमफायर. नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि तिचा वेग सेकंदाला साधारण ३२५ ते ३७५ मीटर असतो. धक्का नगण्य आणि काडतूस स्वस्त, त्यामुळे अमेरिकेत पुष्कळ मुले याच रायफलीवर नेम धरायला शिकतात. रिकाम्या डब्यांवर गोळ्या झाडणे आणि खारी-सशांची शिकार हे तिचे नेहमीचे उपयोग. ५० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४६ मीटरवर झिरो केलेल्या, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि मारा जुळवलेल्या, रायफलीची गोळी १०० यार्डांवर जवळजवळ १५ सेंमी. खाली उतरते, म्हणून व्यवहारातले अंतर बहुधा या शंभराच्या आतच असते. हे काडतूस घरी पुन्हा भरणे व्यवहार्य नसल्याने कारखान्यातून जसे येईल तसे वापरावे लागते. साधी रायफल आणि साधे काडतूस यांचा ५० यार्डांवरचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा, इंचभराच्या आसपास आला, तर मालकाची तक्रार नसते. दुर्बिणींच्या किमती मात्र रायफलीच्या किमतीला कितीतरी मागे टाकू शकतात.

अशा वेळी एक उत्तर असे असते की, ऐपत असेल तितके उत्तम घ्यावे. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात याच्या विरुद्ध भूमिका मांडली आहे. कोणत्याही कलेचे साधन संख्येने वा आकाराने अमर्याद नसते. त्याची हद्द त्या कलेचे साध्य ठरवते. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’त तो सांगतो की, सुतार आणि भूमितिज्ञ दोघेही काटकोन शोधतात, पण सुताराला कामापुरता काटकोन लागतो आणि भूमितिज्ञाला काटकोनाचे स्वरूपच जाणून घ्यायचे असते. विषय जितकी अचूकता पेलतो तितकीच मागणे हे सुशिक्षिताचे लक्षण, असा त्याचा निष्कर्ष.

दुर्बिणीला हा नियम तंतोतंत लागू पडतो. तिच्या जुळवणीच्या चकतीच्या एका क्लिकने, म्हणजे नेहमीच्या कोनीय पाव मिनिटाने, ५० यार्डांवर मारा ३.३ मिमी. सरकतो. ग्रुपच जेथे २५ मिमी.चा आहे, तेथे याहून बारीक क्लिकला काम उरत नाही. प्रकाशाचेही तसेच. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ४×३२ दुर्बिणीत ती ८ मिमी. भरते, ३-९×३२ दुर्बीण नऊवर नेली तर साडेतीन. दिवसाउजेडी डोळ्याची बाहुलीच दोन ते चार मिमी.ची असते, उरलेला प्रकाश तिच्या बाहेर पडतो. तेव्हा भर दुपारी डबे उडवणाऱ्याने ५० मिमी.च्या भिंगासाठी मोजलेले पैसे वाया जातात. वरची हद्द येथे साध्यानेच आखून दिलेली असते.

खालची हद्द मात्र ॲरिस्टॉटलच्या सूत्रातून आपोआप हाती लागत नाही. स्वस्त वस्तू बऱ्याचदा उत्तम वस्तूची फिकी आवृत्ती नसते. तिच्यात एखादा गुण अजिबातच नसतो. याची दोन उदाहरणे आहेत.

पहिले पॅरॅलॅक्सचे. दुर्बिणीतली क्रॉसवायर आणि लक्ष्याची प्रतिमा एका ठराविक अंतरासाठीच एका पातळीवर येतात. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांसाठी किंवा त्याहून पुढे जुळवलेल्या असतात. रिमफायरसाठी बनवलेल्या ५० यार्डांच्या आसपास. १०० यार्डांसाठी जुळवलेली ३२ मिमी. भिंगाची दुर्बीण ५० यार्डांवर वापरली आणि डोळा मध्यापासून अगदी कडेला गेला, तर चूक ८ मिमी.पर्यंत जाते. रायफल जागची हलत नाही, फक्त मान हलते आणि क्रॉसवायर लक्ष्यावरून सरकताना दिसते. डोळा मध्यावर ठेवता आला तर चूक शून्य. म्हणजे ज्याचा गाल दर वेळी कुंद्यावर त्याच जागी टेकतो, त्याला हा दोष फारसा बाधत नाही, नवशिक्याला बाधतो. साधन पुरेसे आहे की नाही हे वापरणाऱ्यावरही अवलंबून असते, आणि बऱ्याचदा अधिक चांगल्या साधनाची गरज कमी सराव असलेल्यालाच असते.

दुसरे उदाहरण झिरो टिकण्याचे. रिमफायरचा धक्का सौम्य असल्याने दुर्बीण फार दणकट असण्याची गरज नसते, पण आज जुळवलेला नेम उद्या तेथेच लागला पाहिजे. तपासणीची रीत सोपी आहे. आधी कागदाच्या मध्यावर ग्रुप मारायचा. मग २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली आणि २० डावीकडे, अशा प्रत्येक टप्प्यावर गोळ्या झाडायच्या. दुर्बीण प्रामाणिक असेल तर ५० यार्डांवर सुमारे साडेसहा सेंमी. बाजूचा चौकोन उमटतो आणि शेवटच्या गोळ्या पहिल्या भोकांत जाऊन बसतात. चौकोन तिरपा आला किंवा शेवट सुरुवातीला मिळाला नाही, तर काच कितीही लख्ख असो, ती दुर्बीण टाकाऊ ठरते.

येथे प्रश्न किमतीचा उरत नाही; विश्वास कशावर ठेवायचा, हा प्रमाणशास्त्राचा प्रश्न सुरू होतो. भारतीय दर्शनांत यावर दीर्घ वाद आहे. नैयायिकांच्या मते ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानावरून कळत नाही, बाहेरून कळते: पाणी दिसले, जवळ जाऊन प्यायले, तहान भागली, म्हणजे दिसलेले पाणी खरे. याला परतःप्रामाण्य म्हणतात. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. दोष दिसेपर्यंत त्याच्यावर विसंबणेच योग्य. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाची साक्ष मागत गेले, तर साक्षींना अंत नाही, असा त्यांचा आक्षेप.

चौकोनाची तपासणी ही नैयायिकाची रीत: फळ पाहून साधनाचा निवाडा. पण प्रत्येक गोळीआधी ती करता येत नाही. शिवाय तपासणीतही काडतूस सारखे होते, हात स्थिर होता, अंतर नीट मोजले होते, एवढे गृहीत धरावेच लागते. म्हणून एकदा पारख झाल्यावर नेमबाज मीमांसकासारखा वागतो. दोष दिसत नाही तोवर दुर्बिणीवर विसंबतो. झिरो न टिकणारी दुर्बीण नेमका हाच आधार काढून घेते. नेम चुकला तर खोट हाताची, काडतुसाची की यंत्राची, हे कळेनासे होते. आणि चुकीचे कारण कळले नाही तर चुकीतून शिकता येत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणतात खरे, पण अंगण सरळ असल्याची खात्री असल्याशिवाय ही म्हण कोणालाही लावता येत नाही. तेव्हा साधनाची खालची हद्द अशी: नेम चुकल्यावर त्याला दोष देण्यास वाजवी कारण उरू नये.

दोन हद्दी ठरल्या तरी मधल्या पट्ट्यात डझनावारी वस्तू उरतात. त्यांतली सर्वोत्तम शोधावी का? अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९७८ मध्ये मिळालेले हर्बर्ट सायमन यांचे उत्तर नकारार्थी आहे. माणसाचा वेळ, माहिती आणि आकलन मर्यादित असल्याने तो पुरेपणाची पातळी ठरवतो आणि तिला उतरणारा पहिला पर्याय उचलतो. शोधालाही खर्च असतो, असे त्यांनी १९५० च्या दशकात मांडले. जैन श्रावकाच्या अणुव्रतांतले परिग्रहपरिमाण, म्हणजे मालमत्तेला मर्यादा घालण्याचे व्रत, वरकरणी याच्यासारखे वाटते. तेथेही हद्द वस्तू समोर येण्याआधी ठरते. कारण मात्र वेगळे आहे. सायमन यांची हद्द बुद्धीच्या मर्यादेतून येते, ॲरिस्टॉटलची साध्यातून, जैन व्रताची इच्छेला आवर घालण्यातून. बुद्धी अमर्याद झाली तर सायमन यांच्या सिद्धांताला ‘पुरे’ म्हणण्याचे कारण उरणार नाही, व्रताला उरेल. जैन आचारविचार आणखी एक प्रश्न विचारतो, जो इतर दोघे विचारत नाहीत: मुळात शस्त्रच का? निष्कारण हिंसेपासून दूर राहण्याच्या अनर्थदंडव्रतात हिंसेची उपकरणे दुसऱ्याला देणेही वर्ज्य मानले आहे.

या आक्षेपाचे वजन शिकारीत कळते. कागदावर चुकलेली गोळी फक्त गुण घालवते. खारीवर चुकलेली गोळी तिला जखमी करून सोडते. चुकीची किंमत दुसऱ्या जिवाने मोजायची असेल, तर आपल्या खिशाकडे पाहून खालची हद्द ठरवण्याचा अधिकार नेमबाजाला उरत नाही. पण त्यावर अधिक महाग दुर्बीण हा एकच उपाय नाही, आणि तो खात्रीचाही नाही. मोठे वर्धन मिळाले की दुरून गोळी झाडण्याचा मोह वाढतो आणि मिळालेली अचूकता अंतरात खर्च होते. नेमातल्या त्याच कोनीय चुकीने गोळी ५० ऐवजी २५ यार्डांवरून निम्मीच सरकते. साध्या दुर्बिणीची भरपाई जवळ जाऊन किंवा गोळी न झाडता करता येते. ही भरपाई संयमाची आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातल्यामुळे हा प्रश्न येथे कागदी लक्ष्यापुरताच राहतो.

त्या कागदी लक्ष्याची सर्वोच्च स्पर्धा दुर्बिणीशिवायच होते. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात हेच ०.२२ काडतूस वापरतात, पण भिंगांची दुर्बीण चालत नाही. बारीक छिद्रातून नेम धरावा लागतो आणि दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिमी.चे असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला याच अंतरावरच्या प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या, प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. साधन गौण आणि माणूसच सर्वस्व, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. त्या रायफली अत्यंत महाग असतात आणि नळीला कोणत्या लॉटचे काडतूस मानवते हे पारखून घेतले जाते. तेथे १०.४ मिमी. हे साध्य आहे, म्हणून पैसा नळीवर आणि काडतुसावर खर्च होतो. डबे उडवणाऱ्याचे साध्य वेगळे, म्हणून त्याचा खर्चही वेगळा. पुरेपणा आणि स्वस्ताई या दोन गोष्टी आहेत.

उरतो तो माणसाचा वाटा. सिसेरोने ‘दे फिनिबुस’च्या तिसऱ्या भागात स्टोइकांचे मत देताना धनुर्धराचा दाखला दिला आहे: नीट नेम धरण्यासाठी शक्य ते सर्व करणे हेच त्याचे खरे साध्य, बाण लागणे हवेसे असले तरी ते पूर्णपणे त्याच्या हाती नाही. साधनाची निवड या ‘शक्य ते सर्व’मध्ये मोडते, पण तिला तेथे शेवट असतो. साध्य आणि अंतर आधी ठरवणे, त्याला लागते तितकीच अचूकता मागणे, साधन एकदा कसून पारखणे, चुकीची झळ दुसऱ्याला बसणार असेल तर हद्द वर नेणे किंवा हात आवरणे, आणि एवढे झाल्यावर शोध थांबवणे, हा पुरेपणाचा क्रम आहे. त्यापुढे दुर्बिणीवर केलेल्या खर्चापेक्षा तोच पैसा काडतुसांवर आणि सरावावर केलेला खर्च साध्याच्या अधिक जवळ नेतो.