दुसऱ्याचे दुःख लिहिताना

कादंबरीचे प्रकार सांगा, असा प्रश्न आमच्या वेळी परीक्षेत हमखास येत असे. सामाजिक, ऐतिहासिक, अद्भुतरम्य, प्रादेशिक, आत्मचरित्रात्मक अशी नावे लिहून प्रत्येकाला एकेक उदाहरण जोडले की गुण मिळत. पुढे महाविद्यालयात वाङ्मयीन प्रवाहांची यादी आली : वास्तववाद, कलावाद, ग्रामीण, दलित, देशीवाद. ही वर्गवारी चुकीची होती असे नाही. पण तिच्या तळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, हे मला कोणत्या गुरुजींनी सांगितले नाही. तो मला आमच्या माईआजीने दाखवला, आणि तिने तर शाळेचे तोंडही पाहिले नव्हते.

प्रश्न साधा आहे. दुसऱ्याचे दुःख लिहिण्याचा अधिकार कोणाला?

मराठी कादंबरीचा जन्मच या प्रश्नाजवळ झाला, आणि तोही आपल्या मुलखातील माणसाच्या हातून. १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी हे मूळचे बेळगावचे. पहिल्या ऐतिहासिक कादंबरीचा, १८७१ च्या 'मोचनगड'चा मान ज्यांना देतात ते रा. भि. गुंजीकरही जांबोटीचे. पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते. विधवाविवाहाचा कायदा नुकताच, १८५६ मध्ये झाला होता. लेखकाची कळकळ खरी आहे, पण उत्तर त्याच्या खिशात तयार आहे. तो स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झाला होता, आणि यमुनेची वाटही अखेर त्याच दिशेने जाते. दुःख तिचे, निष्कर्ष त्याचा.

त्याच १८५७ साली तिकडे फ्रान्समध्ये फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'वर नीतिमत्तेला बाधा आणल्याबद्दल खटला चालला. तो निर्दोष सुटला. त्याच्यावरचा एक मोठा आक्षेप असा, की वाट चुकलेल्या नायिकेचा त्याने पुस्तकात कोठेच धिक्कार केला नाही. वास्तववाद नावाच्या प्रवाहाची ही खरी जिद्द होती. निवाडा देऊ नये, पाहावे आणि दाखवावे. एकाने उपदेश केला, दुसऱ्याने आवरला. पण दोघेही पुरुष, आणि दोघेही एका स्त्रीबद्दल लिहीत होते.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली, तेव्हा त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या नायिकेचे नावही यमुनाच, पण ही यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते. पंचविशीतल्या एका पुरुषाने 'मी' म्हणून एका विधवेचा आवाज घेतला. हे धाडस म्हणावे की आगळीक?

आमच्या घरी या कादंबरीची कापडी बांधणीची प्रत होती. आजोबांचे ते लाडके पुस्तक. ते वाचताना त्यांचे डोळे भरून येत, असे घरात कौतुकाने सांगत. माईआजी म्हणजे त्याच आजोबांची थोरली बहीण. बाराव्या वर्षी कपाळ पांढरे झालेले, अंगावर आलवण, आणि सारे आयुष्य स्वयंपाकघरामागच्या खोलीत. मी अकरावीत असताना एका दुपारी ती वाती वळत बसली होती. मला म्हणाली, "मनातल्या मनात काय वाचतोस? मोठ्यानं वाच की रे."

मी आठवडाभर वाचत गेलो. यमूच्या केशवपनाचा भाग आला तेव्हा माझा आवाज अडखळला. ती मात्र वाती वळतच होती. वाचून झाल्यावर तिने विचारले, "लिहिणारा पुरुष ना रे? मग त्याला कसं कळलं हे?"

मी मोठ्या ऐटीत सांगितले, की थोर लेखकाला परकायाप्रवेश साधतो.

"तसं नसेल," ती म्हणाली. "विचारलं असेल त्यानं कुणाला तरी. मला नाही कधी कुणी विचारलं."

पुढच्या काळात साहित्यात याच प्रश्नावरून वादळे उठली. दलित साहित्याच्या चळवळीने विचारले, की आमचे जगणे तुम्ही कोण सांगणार? अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ मध्ये 'फकिरा' लिहिली होती. तरी पुढे अनेकांनी कादंबरीपेक्षा स्वकथन जवळ केले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. 'मी' म्हणायला तेथे कोणाचा मुखवटा लागत नव्हता. कन्नड वाचणाऱ्या आपल्या घरांना याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. शिवराम कारंतांनी १९३३ मध्ये 'चोमन दुडी' लिहिली. स्वतःची जमीन कसण्याची आस धरून मरणारा अस्पृश्य चोम ब्राह्मण घरातल्या लेखकाने उभा केला. १९८४ मध्ये देवनूर महादेवांची 'कुसुमबाले' आली, तीही त्यांच्या मुलखातल्या बोलीत, आतून लिहिलेली. 'कुसुमबाले' वाचल्यावर चोम खोटा ठरतो का? मला तसे वाटत नाही. पण चोमाच्या घरातले जे बाहेरून दिसत नव्हते, ते किती होते हे उमगते.

म्हणून जन्माने मिळणारा अधिकार हे पुरते उत्तर नाही, आणि प्रतिभेच्या जोरावर घेतलेला अधिकारही नाही. ज्याच्याबद्दल लिहायचे त्याच्यापाशी बसून विचारावे, आणि मिळालेले उत्तर आपल्या मताला अडचणीचे असले तरी तसेच ठेवावे, एवढी अट लेखकाने पाळली तर परका असूनही तो आगंतुक राहत नाही.

मात्र माईआजीचे बोलणे लेखकापाशी थांबत नाही. त्यात आजोबांचा आणि माझाही हिशेब आहे. यमूसाठी आमच्या माजघरात तीन पिढ्यांनी डोळे पुसले, आणि भिंतीपलीकडे एक यमू वाती वळत होती. तिच्याकडे पाहून कोणी डोळे पुसले नाहीत. कादंबरीने आमचे मन मऊ केले हे खरे; पण पुस्तक मिटले की ते मऊपणही मिटत असे. सामाजिक कादंबरी वाचली, एवढ्याने आपले देणे फिटले असे आम्ही धरून चाललो होतो.

त्या दुपारनंतर माईआजी सहा वर्षे होती. आज तिच्यावर काही लिहावे म्हणून बसतो आणि पहिल्याच ओळीला अडतो. तिच्या नवऱ्याचे नाव काय होते, हे मला ठाऊक नाही. त्या दुपारी ती समोर बसली होती, आणि मीही विचारले नाही.