भुईकोटातली बाग

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात बहमनी काळातल्या तटबंदीच्या आत आज बाग आहे. जिथे रक्त सांडले, तिथे आनंदाने बागडावे का?

१८१८च्या मे महिन्यात इंग्रजांनी हा किल्ला लढून घेतला. हाच प्रश्न इतरत्रही पडतो. कोरियातल्या जिंजू किल्ल्यात १५९३ साली जपानी सैन्याने भीषण कत्तल केली. तिथेही आता उद्यान आहे, शिवाय मृतांचे स्मृतिस्थानही.

सोलापुरात उत्तर शोधायचे तर किल्ल्यालगतच्या तळ्यापाशी जावे. बाराव्या शतकात शरण परंपरेतल्या संत सिद्धरामेश्वरांनी ते खोदवले. शरणांच्या लेखी श्रम हीच पूजा. म्हणजे जागा पवित्र होते ती माणसांच्या उपयोगी पडून. बागेत दम खाणारा म्हातारा किल्ल्याचा अपमान करत नाही.

पण विसरण्याची मुभा कुणालाच नाही. किल्ल्यातच मल्लिकार्जुनाच्या जुन्या मंदिराचे अवशेष आहेत. खेळून दमलेल्या मुलांना तिथे थांबवून इथे सांडलेल्या रक्ताची कहाणी कुणीतरी सांगायलाच हवी.