शुक्रावरचे विवर

महिनाभरात जे जे नवल वाचनात आले, ते मी वहीत टिपत गेलो. ऑक्टोपसला तीन हृदये असतात. शुक्राला स्वतःभोवती एकदा फिरायला पृथ्वीचे २४३ दिवस लागतात, पण सूर्याची प्रदक्षिणा तो २२५ दिवसांतच पुरी करतो, म्हणजे एक परिवलन पुरे होण्याआधीच तिथले वर्ष उलटलेले असते. अशा माहितीचा व्यवहारात काडीचा उपयोग नसतो, तरीही ती मनाला दिवसभर सोबत करते. निरुपयोगी ज्ञानाइतके निर्मळ ज्ञान क्वचितच वाट्याला येते, असे मला वाटत आले आहे.

त्या शुक्रावरच पुढची नोंद भेटली. तेथील मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावे देण्याचा खगोलशास्त्रज्ञांचा प्रघात आहे, आणि सुमारे ३४ किलोमीटर व्यासाच्या एका विवराचे नाव आहे 'जोशी'. या जोशी म्हणजे डॉ. आनंदीबाई; ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मलेली यमुना. डोंबिवलीहून कल्याणला जाताना मध्ये एक ठाकुर्ली तेवढी लागते. ज्या गावी आपण गाडी बदलायला उतरतो आणि जिना चढण्याच्या घाईत मान वर करायचेही विसरतो, त्या गावच्या लेकीचे नाव दुसऱ्या ग्रहाच्या नकाशावर आहे, हे कळल्यापासून माझा रोजचा लोहमार्ग मला पूर्वीइतका परिचित राहिलेला नाही.

चौतीसचा आकडा मनात घोळत राहिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत जेवढी धावली, तेही अंतर चौतीस किलोमीटरच. योगायोगाला अर्थ नसतो हे मान्य. पण अनंत अवकाशातले माप माणसाला पेलते ते आपल्या पायांखालच्या मापानेच, आणि विवराची एक कड बोरीबंदरला, दुसरी ठाण्याला, अशी कल्पना करताच ते मला जवळचे झाले. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. अकरा वर्षांनी जन्मलेल्या त्या मुलीच्या बालपणात आगगाडीची शिट्टी असणारच.

हे विवर पृथ्वीवरून कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. दाट ढगांखाली, शिसे वितळवणाऱ्या उष्णतेत ते पडले आहे. मॅगेलन यानाने रडारच्या लहरी सोडल्या आणि परतलेल्या लहरींतून त्या भूमीचे रूप रेखाटले. भूतकाळही आपल्याला असाच, परतून आलेल्या लहरींतूनच दिसत असतो. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२चा शिलालेख शिलाहार मम्वाणीचे नाव आजवर सांभाळून आहे, पण ज्या हातांनी ती अक्षरे कोरली, त्यांची लहर आपल्यापर्यंत पोहोचत नाही. आनंदीबाईंची पोहोचते, आणि ती फार थोड्या वर्षांची आहे. १८८६च्या मार्चमध्ये वैद्यकीची पदवी, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाची नेमणूक, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात मृत्यू. कोल्हापूरचा तो विभाग त्यांच्याविनाच राहिला. अस्थी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेल्या, पोकिप्सीला, ज्यांना त्या मावशी म्हणत त्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत.

फिलाडेल्फियातल्या त्या पदवीदानाला दूरच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. रमाबाईंच्याही नावाचे विवर शुक्रावर आहे. नकाशात ते 'मेधावी' या नावाने सापडते.