परक्याच्या मनातले मत

अमेरिकेतल्या मतदाराला अध्यक्ष निवडताना दोनदा मत देता येते. नोव्हेंबरातले मतदान साऱ्या जगाला ठाऊक असते. त्याआधी काही महिने राज्याराज्यांतून पक्षांच्या प्रायमरी होतात आणि पक्षाचा उमेदवार कोण, हे तिथे बव्हंशी सामान्य मतदारच ठरवतो. या पहिल्या मतदानाच्या वेळी त्याच्यापुढे जो पेच पडतो तो मला राजकारणापेक्षा नीतिशास्त्राचा वाटतो. मला जो योग्य वाटतो त्याला मत द्यावे, की जो इतरांना चालेल असे मला वाटते त्याला?

आपल्याकडेही तिकीटवाटपाच्या दिवसांत 'निवडून येण्याची क्षमता' हे शब्द कानांवर येतात. पण इथे तो हिशेब पक्षश्रेष्ठी करतात आणि आपण त्यांना नावे ठेवायला मोकळे राहतो. तिकडे तो हिशेब मतदाराच्याच गळ्यात पडला आहे.

अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ सालच्या आपल्या ग्रंथात शेअर बाजार समजावून देताना वृत्तपत्रातल्या एका स्पर्धेचा दाखला दिला होता. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे. ज्याची निवड सर्वांच्या सरासरी निवडीशी जुळेल त्याला बक्षीस. साहजिकच कोणीही आपल्या डोळ्यांनी सौंदर्य पाहत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या डोळ्यांचा अंदाज घेत बसतो. बाजारात हे चालून जाते, कारण तिथे पैसे आपले असतात आणि बुडाले तर आपलेच बुडतात.

मतपेटीपाशी मात्र याचा अर्थ फार वेगळा होतो. २००८ सालची गोष्ट घ्या. दक्षिण कॅरोलिना राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते. तरीही २००७ साली त्यांच्यातले कितीतरी जण बराक ओबामांच्या मागे जायला कचरत होते आणि हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकलेले होते. ओबामा आवडत नव्हते असे नाही. गोरा माणूस यांना मत देणार नाही, मग आपले मत वाया का घालवा, असा तो विचार होता. मग ३ जानेवारी २००८ रोजी आयोवा या जवळजवळ साऱ्या गोऱ्या वस्तीच्या राज्यात ओबामा जिंकले. २६ जानेवारीला दक्षिण कॅरोलिनाने त्यांना ५५ टक्के मते दिली.

या तेवीस दिवसांत ओबामा बदलले नव्हते. त्यांना मत देणारी माणसेही बदलली नव्हती. बदलला तो फक्त एक तर्क, दूरच्या अनोळखी माणसांच्या मनाविषयीचा. आयोवात निकाल उलटा लागला असता तर? ज्यांना स्वतःला वर्णद्वेषाचे चटके बसले होते त्यांनीच, अगदी शहाणपणाने आणि सद्हेतूने, त्या द्वेषाच्या वतीने मत टाकले असते. दुसऱ्याचा पूर्वग्रह गृहीत धरून आपण मत देतो तेव्हा तो पूर्वग्रह एका मताने वाढतो, मग तो त्या दुसऱ्याच्या मनात असो वा नसो.

यावर व्यवहारी माणूस १९७२ सालाकडे बोट दाखवील, आणि ते खोडून काढता येत नाही. जॉर्ज मॅकगव्हर्न यांना मनापासून मानणाऱ्यांनी त्यांना उमेदवारी मिळवून दिली आणि पन्नासपैकी एकच राज्य, मॅसॅच्युसेट्स, त्यांच्या पदरात पडले. आपला हात स्वच्छ राहिला याचे समाधान घेऊन देश निक्सनच्या हवाली करण्यात कसले आले पुण्य? प्रश्न रास्त आहे. पण हे अंदाज वर्तवणाऱ्यांचा इतिहासही पाहावा. १९८० साली रेगन टोकाचे आणि वयस्कर म्हणून निकालात काढले गेले होते; त्यांनी ४४ राज्ये जिंकली. २००४ साली केरी हे युद्धात लढलेले, म्हणून हमखास चालणारे नाणे ठरले होते. ते चालले नाही. २०१६ साली ट्रम्प यांच्याबद्दल काय काय सांगितले गेले ते अजून सर्वांच्या स्मरणात आहे.

आमच्या सीमाभागात तर मताचा एक निराळाच अर्थ लोकांनी जपला. बेळगावचा मराठी मतदार वर्षानुवर्षे महाराष्ट्र एकीकरण समितीला मत देत आला तो समिती बंगळूरात सरकार बनवील म्हणून नव्हे. ती साक्ष होती, १९५६ पासूनची. २०१८ आणि २०२३ साली समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, हे खरे. पण ज्यांनी तेव्हाही मत दिले त्यांना हिशेब कळत नव्हता असे मला म्हणवत नाही.

अध्यक्षाच्या जोडीला उपाध्यक्षाचा उमेदवार निवडताना तर हिशेबावाचून दुसरे काही उरतच नाही. हे नाव मतदार नव्हे, अध्यक्षपदाचा उमेदवार सुचवतो. कोणते राज्य, कोणता पंथ, कोणता नाराज गट पदरात पडेल, एवढेच पाहिले जाते. केनेडींनी १९६० साली लिंडन जॉन्सन यांना घेतले ते टेक्सास आणि दक्षिणेसाठी. त्याच दक्षिणी जॉन्सन यांनी अध्यक्ष म्हणून १९६४ साली नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. सौद्यातून असे भलेही होते. पण त्यावर भरवसा ठेवणे म्हणजे जुगारच.

१९४४ साली शिकागोच्या अधिवेशनात रूझवेल्ट यांच्या जोडीला हेन्री वॉलेस नकोत, असे पक्षातल्या वजनदार मंडळींनी ठरवले आणि हॅरी ट्रूमन यांना पुढे केले. त्यांच्यावर फारसा कोणाचा राग नव्हता. रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळत चालल्याचे जवळच्यांना दिसत होते. ८२ दिवस उपाध्यक्ष राहून १२ एप्रिल १९४५ रोजी ट्रूमन अध्यक्ष झाले. अणुबॉम्बची खरी हकिगत त्यांना त्यानंतर सांगण्यात आली. चार महिन्यांच्या आत हिरोशिमा घडले. हा निर्णय कोणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न शिकागोतल्या प्रतिनिधींपुढे कधी आलाच नव्हता. बॉम्ब गुप्त होता.