सेवा शिकावी लागते

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सेवेचा विषय निघाला की आपण पटकन म्हणतो, "मनात भाव असला की झालं." पण तेवढ्याने खरंच होतं का?

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हजारो परिचारिका सैन्याबरोबर गेल्या. युद्ध संपेपर्यंत एकट्या भूदलाच्या परिचारिका दलात ५९,००० हून अधिक जणींनी काम केलं. इकडे दवाखान्यांत हात अपुरे पडले. जानेवारी १९४५ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परिचारिकांच्या सक्तीच्या भरतीचा कायदा करायला सांगितलं. मग घरचं आजारपण कोणी बघायचं? रेड क्रॉसने गृह-शुश्रूषेचे वर्ग घेतले आणि साध्या गृहिणी शिकायला बसल्या. रुग्णाला खाटेवरून न उठवता चादर कशी बदलायची, ताप मोजून लिहून कसा ठेवायचा, आजाऱ्याला हात लावण्याआधी आणि नंतर हात कसे धुवायचे, हे सगळं करून बघत शिकायचं.

त्यांची घरच्यांवर माया नव्हती का? होतीच. तरी त्या शिकल्या.

आम्हाला हे उशिरा कळलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा आम्ही रात्र-रात्र उशाशी बसून नामस्मरण केलं. पण दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची असते, हे ठाऊकच नव्हतं. पाठीला जखमा झाल्या. भाव कमी नव्हता हो, ज्ञान कमी होतं. त्यांचं कण्हणं अजून कानात आहे.

पादुकांना अभिषेक कसा करायचा, वस्त्र कसं टिपायचं, हे आपण वडीलधाऱ्यांजवळ बसून शिकलो. तिथे "येईल तसं" चालत नाही. मग ज्या देहात सद्गुरूच वास करतात असं आपण मानतो, त्या आजारी देहाला पुसताना "येईल तसं" का चालावं?

म्हणून एक संकल्प करू या. येत्या गुरुवारी आरतीनंतर अर्धा तास थांबू. आपल्यातल्या नर्सताईंना विनंती करू, चादर बदलणं आणि कूस वळवणं एकमेकींवर करून शिकू. पुरुषमंडळींनीही यावं, सेवा काही फक्त सुनांची नाही. औषध डॉक्टर ठरवतील, हात मात्र आपलेच लागणार आहेत.

वेळ सांगून येत नाही. ती येण्याआधी आपले हात तयार असू देत, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥