रिकाम्या शंखाचा मान

देवपूजेत शंखाला मोठा मान आहे. त्याला स्नान घालावे, गंधफूल वाहावे, अक्षता मात्र वाहू नयेत, इतके बारीक नियम वाडवडिलांनी घालून दिले आहेत. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर कवड्या मांडतात. तुळजाभवानीचे आराधी तर कवड्यांची माळच गळ्यात घालतात. ही आवड फार जुनी. आमच्या हसनाबादच्या तालुक्याचे गाव भोकरदन; तेथे १९७३ साली उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकाळच्या थरांत शंखाच्या बांगड्या सापडल्या. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तरी दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या लेकीबाळी हातात शंख मिरवीत होत्या.

आता त्याच कुळातला दुसरा जीव पाहा. शंखी गोगलगाय ही शंखाची चुलत बहीणच म्हणायची. १८४७ साली एका गोऱ्या साहेबाने मॉरिशसहून ती कलकत्त्यास आणली, आणि २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे तिने सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. शेतकरी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती शेतात टाकतो, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचतो आणि मिठाच्या पाण्यात बुडवून मारतो.

एकाची पूजा आणि दुसरीची हत्या, हा कुठला न्याय? वर्गात एखादे पोर असे विचारते, तेव्हा मास्तराला हातातला खडू खाली ठेवावा लागतो.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचे पीक चार रात्रींत जाते, त्याला भूतदयेचे धडे कोणत्या तोंडाने द्यावेत? मला विचार पडतो तो पूजेचा. शंख हे कुणाचे तरी घर होते. मन्नारच्या आखातात वाळूवर सरपटणाऱ्या एका मऊ प्राण्याने पाण्यातला चुना अंगात घेऊन, काठाला थरावर थर चढवीत ते वाढविले. पाणबुडे त्याला जिवंतच वर काढीत. मांस गेले, धुणेपुसणे झाले, की मग ते घर देवघराच्या योग्यतेचे होई. गोगलगायही असेच घर बांधते. त्यासाठी चुना हवा म्हणून ती रंगविलेल्या भिंतीसुद्धा खरवडते. फरक इतकाच, की ती आपल्या घरात अजून राहते आणि तिला भूक लागते.

म्हणजे आपला मान सुरू होतो तो घरधनी गेल्यावर. रिकामा शंख काही मागत नाही. माणसांच्या बाबतीत तरी आपली रीत कुठे वेगळी आहे? दिवाळीला आजोबांच्या तसबिरीवर नवा हार चढतो, आणि पाहुणे येणार म्हणून खोकणाऱ्या आजीची बाज मागल्या पडवीत जाते. तसबीर औषध मागत नाही, आजी मागते.

शेतकऱ्यापाशी निदान एक खरेपणा आहे. ज्याला मारायचे त्याला तो हातात घेऊन पाहतो, आणि आपण का मारतो हे त्याला ठाऊक असते. पूजा करणाऱ्याला तेवढेही ठाऊक नसते. म्हणून शंख पुजू नये असे मी म्हणणार नाही. माझ्याही घरी तो आहे. पण आदराची परीक्षा होते ती ज्याला आपल्या ताटातला घास द्यावा लागतो त्याच्यापाशी. यंदा शंखाला फूल वाहून झाले, की पडवीतली बाज उचलून दिव्यांच्या उजेडात आणावी. अक्षतांचा नियम चुकला तरी चालेल.